डाग दाखवणारा ओटा

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर, मानमंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर पिवळ्या बदकांची एक रांग आहे. आजूबाजूला निळे पट्टे, केळीची झाडं, हत्ती, मगरी. राजा मानसिंह तोमराने १४८६ ते १५१६ या काळात राज्य केलं, त्यातच कधीतरी हा महाल उभा राहिला. १५२८ मध्ये बाबर किल्ला बघायला आला तेव्हा या रंगीत केळींची त्याने आपल्या आठवणींत नोंद करून ठेवली. आज पुष्कळ टाइल्स गळून गेल्या आहेत, पण ज्या राहिल्या आहेत त्यांचा निळा रंग ओल्या फडक्याने आत्ताच पुसल्यासारखा दिसतो. पाच शतकांची धूळ, मे महिन्यातली लू, पाऊस, कबुतरं, येणाऱ्याजाणाऱ्यांचे हात, एवढं सगळं सोसून!

कारण साधं आहे. भाजलेल्या मातीवर काचेचा पातळ थर असतो, त्याला आपण झिलई म्हणतो. काच तेल पीत नाही, पाणी पीत नाही, हळद पीत नाही. जे काही लागेल ते वरच राहतं आणि पुसलं की जातं. म्हणजे डाग न धरणारा पृष्ठभाग कसा करायचा हे आपल्या गावाला पाचशे वर्षांपूर्वी ठाऊक होतं. पण तो लावला कुठे, तर राजवाड्याच्या बाहेरच्या भिंतीवर, खालून येणाऱ्या पाहुण्याला दिसावा म्हणून. ज्या जागी रोज तेल उडतं, पीठ सांडतं, हळदीचे हात लागतात, त्या चुलीमागच्या भिंतीवर झिलई पोचायला आणखी साडेचारशे वर्षं जावी लागली. मधल्या काळात स्वयंपाकघराची भुई, भिंत आणि नंतरचा ओटा कशाकशाचा झाला, आणि तो पुसणाऱ्या बाईचं त्यात काय झालं, हे मला या लेखात सांगायचं आहे. सध्या आपल्या ओळखीत तीन घरी स्वयंपाकघर नव्याने करायचं चाललंय आणि तिन्ही ठिकाणी दुकानदार एकच वाक्य म्हणतो, ‘भाभीजी, इसमें दाग दिखेगा ही नहीं.’ दिसणार नाही, हे चांगलं की वाईट, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे.

दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली आणि तीच पुढे लष्कर नावाचं शहर झाली. तिथे दख्खनेतून आलेल्या मंडळींचे वाडे उठले. माणसं मराठी, दगड इथला, आणि स्वयंपाकघर मात्र जसंच्या तसं गावाकडून उचलून आणलेलं: खाली बसून करायचा स्वयंपाक, मातीची चूल, तिच्याभोवती सारवलेली भुई, कोपऱ्यात मोरी, भिंतीत फडताळ. शेणमातीची ही भुई आपण आज मागासलेली म्हणून सोडून देतो, पण तिची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. शेणातले बारीक तंतू मातीला धरून ठेवतात, धूळ उठत नाही, भेगा पडत नाहीत. आणि डाग? डाग काढायचाच नसायचा. रात्रीचं उरकलं, की सकाळी चूल पोतारायची आणि भुईवर नवा हात फिरवायचा. कालचं तेल, कालची हळद आजच्या थराखाली. भुई साफ व्हायची नाही, ती रोज नवी व्हायची. पोतेरं हा शब्द आज शिवीसारखा उरलाय, पण त्या एका चिंधीवर घराचं पावित्र्य उभं होतं.

आता यात आपली, म्हणजे जैन बाईची, एक वेगळी अडचण होती. चूल, जातं, उखळ, केरसुणी आणि पाण्याची घागर या पाच जागा म्हणजे घरातले पाच वधस्थान, ‘पंचसूना’, असं जुन्या ग्रंथांत म्हटलेलं आहे. मनुस्मृतीतही ते आहे आणि आपल्या श्रावकाचारांतही आहे. पाचही जागा बाईच्या हाताखालच्या, हे वाचताना मला नेहमी जरा बोचतं. पुरुषाच्या गादीवर, तराजूत, बैलगाडीच्या चाकाखाली काही मरत नव्हतं काय? असो. पण त्या यादीतून एक गोष्ट स्पष्ट होते, की स्वयंपाकघरात आधी बघायचं आणि मग हात घालायचा. लाकूड आपटून, झाडून मगच चुलीत सारायचं. पाणी गाळायचं आणि गाळण्यावरची जिवाणी जिथलं पाणी तिथे परत सोडायची. पीठ पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवसांच्या पुढे वापरायचं नाही. उष्टं भांडं दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं, तसंच पडलं तर त्यात संमूर्च्छिम जीव उपजतात, म्हणून जेवण झालं की लगेच घासायचं. आपल्या आज्या हे घड्याळ न बघता पाळायच्या.

या सगळ्या नियमांना एक अट लागते: दिसलं पाहिजे. सारवलेल्या भुईचा रंग काळपट हिरवा, सुकल्यावर मातकट. चुलीच्या धुरात भिंत काळी. एक तेलाचा दिवा. त्या उजेडात मुंगी कुठे आणि मोहरी कुठे, हे डोळ्यांपेक्षा बोटांनीच कळायचं. पावसाळ्यात तर ओली सारवण लवकर वाळत नाही आणि किडे धरते, हे सारवलेल्या घरात राहिलेल्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे. म्हणून चुलीच्या कडेने राखेची रेघ, डब्यांखाली पाण्याच्या वाट्या, कुंच्याने हलक्या हाताने झाडणं. कष्ट सगळे बाईचे, आणि तरी खात्री नाही.

लष्करात हळूहळू भुईची जागा दगडाने घेतली. ग्वाल्हेरला दगडाची काय कमी! किल्लाच मुळी वाळूच्या दगडाच्या डोंगरावर आहे. इथल्या घरांची छतं पटियांची, जिने पटियांचे, फडताळाच्या फळ्या पटियांच्या, तेव्हा स्वयंपाकघरातही पटिया आली. दिसायला सुंदर, फिकट पिवळसर किंवा हिरवट पांढरी. आजही हा दगड ‘ग्वालियर मिंट’ नावाने परदेशात जातो. पण वाळूचा दगड म्हणजे नावाप्रमाणे वाळूचे कण एकमेकांना चिकटलेले, मधे बारीक बारीक पोकळ्या. म्हणून तर त्याच्यावर छिन्नी चालते. उरवाई दरवाज्याजवळच्या कड्यात पंधराव्या शतकात, डुंगरसिंह आणि कीर्तिसिंह तोमरांच्या काळात, आपल्या लोकांनी जवळपास ५७ फुटांचे आदिनाथ कोरून घेतले ते याच जातीच्या दगडात. जो दगड छिन्नीला इतका ऐकतो तो हळदीलाही ऐकतो. तेलाचा थेंब पडला की चार तासांत आत, वर फक्त सावली. रिठा घासा, राख घासा, ती सावली जात नाही. जुन्या वाड्यांत चुलीशेजारची पटिया बघा, पिढ्यान् पिढ्यांचं तेल पिऊन तपकिरी झालेली असते. मात्र तिचा एक गुण मानला पाहिजे. तिचा मूळ रंग उजळ होता, आणि बायकांना पहिल्यांदाच भुईवर चालणारी मुंगी दिसू लागली.

झिलई घरात आली ती भिंतीआधी भांड्याच्या रूपाने. संस्थानाच्या काळात इथे ग्वाल्हेर पॉटरीजचा कारखाना निघाला आणि चिनी मातीची कपबशी, बरण्या गावच्याच झाल्या. आपल्या घरांतून त्यांना सरळ प्रवेश मिळाला नाही. चिनी मातीत हाडांची भुकटी असते अशी शंका होती, आणि ती अगदीच वेडगळ नव्हती, कारण इंग्लंडात अठराव्या शतकाच्या अखेरीस निघालेल्या बोन चायनात खरोखरच भाजलेल्या हाडांची राख घालतात. सगळी चिनी माती बोन चायना नसते, पण हे बाईला दुकानात कोण सांगणार? म्हणून कपबशा चौक्याबाहेरच्या फळीवर, पाहुण्यांसाठी. बरणीचंही तसंच. शेजारची देशस्थ काकू तिच्यात वर्षाचं लोणचं घाले आणि आपल्याकडे लोणचं एका दिवसापलीकडे मर्यादेबाहेर, तेव्हा आपल्या बरणीत नुसतं खडे मीठ. पण त्या मिठाच्या बरणीनेच घरोघरच्या बायकांना झिलईची ओळख करून दिली. ओल्या हाताने पुसली की कोरी करकरीत.

याच सुमारास जगात दुसरीकडे पांढऱ्या टाइलचं राज्य सुरू झालं होतं. रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये कलकत्त्याला येऊन कॉलऱ्याचा जंतू दाखवला, तशा शोधांनंतर युरोपात रोगाचं कारण डोळ्यांना न दिसणारा जीव असतो हे पटत गेलं. मग इस्पितळं, दूधडेऱ्या, खाटिकखाने आणि स्वयंपाकघरं पांढऱ्याशुभ्र झिलईच्या टाइल्सनी मढवायला लागले. पांढरा रंग सुंदर म्हणून घेतला नव्हता, मळ लगेच नजरेला यावा म्हणून घेतला होता. आपण जीव वाचवायला बघत होतो, ते जंतू मारायला बघत होते, हेतू अगदी उलटे. पण दोघांनाही पृष्ठभाग एकच हवा होता, उजळ, गुळगुळीत आणि काही न लपवणारा.

यानंतर १९२६ मध्ये जर्मनीत फ्रँकफुर्टला मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की नावाच्या वास्तुविशारद बाईने कामगारांच्या घरांसाठी एक छोटं स्वयंपाकघर आखलं. तशी हजारो घरं बांधली गेली. आजच्या मॉड्युलर किचनची ती आजी. मला त्यातल्या दोन गोष्टी फार आवडतात. कपाटांचा रंग तिने निळसर हिरवा घेतला, कारण त्या रंगावर माश्या बसत नाहीत असा तेव्हाचा समज होता. आणि पिठाचे खण ओक लाकडाचे केले, त्या लाकडाने पिठात अळ्या होत नाहीत म्हणून. माशी मारायची नाही, बसूच द्यायची नाही. अळी वेचायची नाही, होऊच द्यायची नाही. तिला जैन धर्माचं नावही कदाचित ठाऊक नसेल, पण तिच्या स्वयंपाकघरात माझ्या आजेसासूबाईंनी समाधानाने मान हलवली असती.

आपल्याकडे पांढरी टाइल यायला गॅस यावा लागला. चूल आणि सिगडी होती तोवर भिंतीच्या रंगाची चर्चाच नव्हती, काजळीने सगळं एकाच रंगाचं होई. १९६० नंतर शहरांतून गॅसच्या टाक्या आल्या, धूर गेला, आणि मग लोकांच्या लक्षात आलं की भिंत तेलकट असते! एच अँड आर जॉन्सनचा भारतातला कारखाना १९५८ चा. त्याच्या आणि तशा इतर कारखान्यांच्या चौकोनी पांढऱ्या टाइल्स हळूहळू लष्करातल्या घरांतही ओट्याच्या मागे दीड-दोन फूट उंचीपर्यंत बसल्या. बदकांच्या रांगेची झिलई शेवटी सासूबाईंच्या कढईमागे पोचली ती अशी.

गॅसबरोबर बाई उभी राहिली. हा मोठाच बदल. गुडघे मोडून भुई पुसणारी बाई आता कमरेच्या उंचीवरचा ओटा पुसू लागली. ओट्याला महाराष्ट्रात कडप्पा लागला, आमच्याकडे राजस्थान जवळ म्हणून कोटा. दोन्ही चुनखडीच्या जातीचे दगड. वाळूच्या दगडापेक्षा कितीतरी घट्ट, तेल सहज पीत नाहीत, पण आंबटाशी त्यांचं वैर. लिंबाची फोड उलटी ठेवली, चिंचेचा कोळ सांडला की तिथला दगडच थोडा विरघळतो आणि पांढुरका, खरखरीत ठिपका उमटतो. तो डाग नसतो, जखम असते, त्यामुळे घासून जात नाही, उलट वाढते. मकराण्याच्या संगमरवराचंही हेच. काही सधन घरांत ओट्याला संगमरवर लावला गेला, त्यावर मुंगी काय, केसही दिसे, पण दोन वर्षांत लिंबाचे आणि हळदीचे इतके नकाशे उमटले की सुना हैराण.

मग ग्रॅनाइट आला, तोही बहुतेक ठिकाणी काळा. झाशीकडचा लाल ग्रॅनाइट आपल्याला इतका जवळ असून लोकांना काळाच हवा होता, कारण काळ्यावर डाग दिसत नाही. ग्रॅनाइट खरोखर चांगला दगड आहे. लिंबाला दाद देत नाही, तापलेलं पातेलं सोसतो. पण काळ्या रंगाने दोन गोष्टी केल्या. एक, इथल्या बोअरिंगच्या जड पाण्याचे पांढरे ओघळ त्यावर असे उठून दिसतात की दिवसातून चार वेळा कोरडं फडकं फिरवावं लागतं. आणि दुसरी गोष्ट अशी, की जे दिसायला पाहिजे तेच त्याने लपवलं.

माझ्या नात्यातल्या एका घरी मे महिन्याच्या शेवटी चौका लावला होता. पहाटेपासून सोवळ्यात सगळी धावपळ, पाणी गाळलेलं, पीठ त्याच दिवशीचं. पडगाहन झालं, महाराज उभे राहिले, आहार सुरू झाला, आणि तिसऱ्या-चौथ्या घासालाच पोळीच्या तुकड्यात मेलेली मुंगी निघाली. अंतराय. महाराजांनी हात सोडले आणि शांतपणे निघून गेले. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने, हाताच्या ओंजळीत आहार घेतात, पाणीही त्याच वेळी. म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंब नाही, आणि बाहेर ग्वाल्हेरचं पंचेचाळीस अंशांचं ऊन. ती सून ओट्याला टेकून रडत होती, ‘वहिनी, मी तीनदा पुसला हो ओटा.’ पुसला होताच तिने. काळ्या ग्रॅनाइटवर, पोळपाटाच्या पायाशी, काळी मुंगी तिला दिसणार कशी? घरातल्या एकाने तिला ‘नीट बघायचं होतंस’ असं ऐकवलं. मला वाटतं, बघण्याची जबाबदारी बाईवर टाकायची तर तिला बघता येईल असा दगड द्यायला नको का? तो दगड निवडायला दुकानात गेले होते घरातले पुरुष.

म्हणून कोणी विचारलं तर मी सांगते, जिथे अन्न ठेवलं जातं, पीठ मळलं जातं, भाजी चिरली जाते, तो ओटा उजळ आणि एकरंगी असू द्या. ठिपक्याठिपक्यांचा नको, कारण ठिपक्यांत मुंगी हरवते. फिकट रंगाचा ग्रॅनाइट मिळतो. तो काळ्यापेक्षा थोडं जास्त तेल पितो, म्हणून वर्ष-दोन वर्षांनी त्याला सीलर लावावं लागतं. पाण्याचा थेंब ठेवून दहा मिनिटं थांबा, दगड तिथे गडद झाला तर सीलर संपलं समजा. दुकानातून दगडाचा तुकडा मागून आणा, देतात. त्यावर रात्रभर मोहरीचं तेल, हळदीची पेस्ट आणि लिंबाची फोड ठेवा आणि सकाळी साबणाने धुवा. दुकानदाराच्या शंभर शब्दांपेक्षा तो तुकडा जास्त सांगेल.

पण सगळंच स्वयंपाकघर डाग दाखवणारं करा, असं मात्र मी म्हणणार नाही. आपल्या समाजात शुद्धीच्या नावाखाली बायकांच्या कमरेचा किती चुराडा झालाय, ते मी बघितलंय. प्रत्येक बोटाचा ठसा दिसेल असं घर केलं तर तो पुसायला चोवीस तास एक बाई लागते, आणि ती बाई कोण हे घरात सगळ्यांना न सांगता ठाऊक असतं. कपाटाच्या दारावर मुंगी चालून अन्नात पडत नाही. तिथे बोटांचे ठसे, पिठाचे हात, तेलाचे फराटे, हे फक्त दिसायला वाईट. ते लपले तर बिघडलं कुठे?

तिथे चकचकीत आणि मॅट यांतला फरक समजून घेतला की निवड सोपी होते. चकचकीत दार आरशासारखं एकाच दिशेला उजेड फेकतं, त्यावर बोटाचं तेल लागलं की तेवढ्या जागेचा उजेड विस्कटतो आणि ठसा उठून दिसतो. मॅट दार मुळातच उजेड सगळीकडे विखुरतं, त्यात बोटाचा ठसा मिसळून जातो. मात्र मॅट म्हणजे खरखरीत नव्हे. लाकडाच्या रेषा उठवलेला खडबडीत लॅमिनेट घेतला तर आपल्याकडचं मोहरीचं तेल त्या रेषांत जाऊन बसतं. मुरैना-भिंडचं हे तेल तापून वाफेबरोबर उडतं आणि हवा लागून काही दिवसांत चिकट, पिवळा डिंक होतं. महाराष्ट्रातून आलेल्या सुनांना हे पहिल्यांदा कळत नाही. तो डिंक आठवड्याच्या आत कोमट पाणी आणि थोड्या साबणाने निघतो. महिनाभर राहिला की मग खरवडणं आलं, आणि खरवडलं की दाराचा थरही निघतो. रंगाचं म्हणाल तर इथली धूळ पिवळसर मातकट, धोलपूरच्या दगडासारखी. त्याच रंगाचं दार घेतलं तर उन्हाळ्यात रोज फडकं घेऊन फिरावं लागत नाही. पांढऱ्या आणि गडद निळ्या दोन्हींवर ती धूळ दिसते.

हळदीचं एक सांगून ठेवते. हळदीवर साबण लागला की ती लाल होते, घाबरू नका, तो तिचा स्वभाव आहे. आणि ती उन्हाला टिकत नाही. फिकट दारावर किंवा ओट्यावर हळद बसली, घासून गेली नाही, तर खिडकी उघडून तीन-चार दिवस ऊन येऊ द्या. पोळपाट, डबे, चौक्यातली वस्त्रं सरळ गच्चीवर. ग्वाल्हेरच्या उन्हाचा तेवढा तरी उपयोग!

टाइलच्या बाबतीत सगळे रंग बघतात आणि सांधा कोणी बघत नाही. टाइल काही पीत नाही, पण तिच्या मधला सिमेंटचा सांधा सगळं पितो. सिंकच्या मागे, नळाखाली तो कायम ओला राहतो आणि तिथे बुरशी धरते. आपण ओट्यावरची मुंगी फुंकर घालून हळूच बाजूला करतो आणि सिंकच्या सांध्यातली काळी बुरशी ब्रशने घासून काढतो, तेही दर आठवड्याला. ती होऊच न देणं हाच त्यावर खरा उपाय. मोठ्या टाइल्स घ्या म्हणजे सांधे कमी. ओल्या जागी सिमेंटऐवजी इपॉक्सीचा सांधा भरून घ्या, महाग पडतो पण पाणी पीत नाही. ओट्याला सिंकच्या बाजूला किंचित उतार द्या. मिस्त्री ‘लेव्हल बिगड़ेगा’ म्हणून कुरकुर करतो, करू द्यावी. आणि रात्री शेवटचं भांडं झालं की सिंक कोरडं करा. स्टेनलेस स्टीलचं सिंक कोरडं असलं की पाण्याचे डागही पडत नाहीत.

आता दुकानांतून नवा दगड दाखवतात, क्वार्ट्झ. पांढराशुभ्र, हळद न धरणारा, लिंबाला न घाबरणारा, वर्षानुवर्षं सीलर नको. बाईच्या दृष्टीने बघावं तर स्वप्नच. पण हा खाणीतला दगड नव्हे. गारगोटीची भुकटी राळेत दाबून तो कारखान्यात करतात आणि त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका असू शकते. तो कापताना जी धूळ उडते ती कारागिराच्या फुप्फुसात बसते, आणि सिलिकोसिस हा रोग बरा होत नाही. तरुण कारागीर यात गेल्याने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या दगडावर बंदीच घातली. आपला वाळूचा दगडही यात निर्दोष नाही. शेजारच्या धोलपूर-करौलीच्या खाणींतल्या मजुरांना हाच आजार होतो, आणि राजस्थान सरकारने २०१९ मध्ये त्यासाठी वेगळं धोरण काढलं. ग्रॅनाइटमध्ये सिलिका त्याहून कमी, संगमरवरात फारच थोडी. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या १५ कर्मादानांत ‘स्फोटकर्म’ आहे, जमीन फोडण्याचा, दगड फोडण्याचा धंदा. आपण तो धंदा करत नाही म्हणून सुटलो असं मानतो आणि त्यातून निघालेला दगड मात्र अंगणात उतरवून घेतो. ओट्यावरची मुंगी जपताना ओटा कापणाऱ्या माणसाचा श्वास हिशेबात धरायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी धरते, आणि म्हणून क्वार्ट्झ घेऊ नका म्हणते.

दगड कुठलाही घ्या, सिंकचं भोक बहुधा तुमच्याच अंगणात कापलं जातं. ग्राइंडर कोरडाच चालवतात, कारण लवकर होतं. पांढरा ढग उठतो, शेजारी खिडक्या लावून घेतात आणि मिस्त्री तोंडाला गमछा बांधतो, ज्यातून ती धूळ आरामात आत जाते. त्याला आधीच सांगून ठेवा की दगड ओला कापायचा. पाणी घालता येईल असं कटर त्याच्याकडे असतं, नसेल तर भाड्याने मिळतं. विजेचं काम आहे, म्हणून वायर उघडी नाही ना, एवढं बघा. एकाने पात्यावर पाण्याची धार धरायची. वीस मिनिटांचं काम चाळीस मिनिटांचं होतं, आणि मागाहून अंगण धुवावं लागतं.